मोहम्मद अली रोडचा ग्राहक दुकानापर्यंत पोहोचणार कसा?

गेल्या लग्नसराईत महाडकडील आमच्या ओळखीचे एक कुटुंब मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी मुंबईला आले होते. या घरातील तीन पिढ्यांची लग्ने मोहम्मद अली रोड, भेंडीबाजार आणि मंगलदास मार्केटच्या मालावर झाली आहेत. या वेळी मात्र निम्म्याहून अधिक खरेदी नवी मुंबईतील एका मॉलमध्ये उरकली गेली. कारण विचारले असता घरातील वयोवृद्ध खाला म्हणाल्या, "माल आजही तुमच्या मोहल्ल्यातच चांगला मिळतो, बाबा. पण दुकानापर्यंत यायचं कसं? हे गुडघे असे, आणि हाताशी नातू!"

मंदीची कारणे सांगताना आमचे व्यापारी बंधू सहसा २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० चा लॉकडाऊन आणि मोबाईलवरून घरपोच येणारा माल यांची नावे घेतात. ही कारणे खोटी नाहीत. या प्रत्येक तडाख्यात आमची काही दुकाने बसली, ती पुन्हा उठली नाहीत. परंतु खालांच्या तक्रारीत यांपैकी एकही कारण नव्हते. त्यांना भाव परवडत होता, माल पसंत होता, दुकानदारावर विश्वास होता. अडले होते ते शेवटच्या दोनशे पावलांवर. आणि ही दोनशे पावले दिल्लीच्या किंवा मंत्रालयाच्या हातात नाहीत, बऱ्याच अंशी ती आमच्याच हातात आहेत, हे आम्हाला आज स्पष्टपणे मांडायचे आहे.

मुंबईच्या या जुन्या बाजाराची बांधणीच मुळी पायी चालणाऱ्या माणसासाठी झाली. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले. त्याच्या उत्तरेस अब्दुल रहमान स्ट्रीट, नागदेवी, पायधुणी, तांबाकाटा, नळ बाजार, चोर बाजार अशी बाजारांची साखळीच आहे. एका गल्लीत स्टेशनरी, दुसरीत हार्डवेअर, तिसरीत तांब्यापितळेची भांडी. कापड घ्यायला आलेला माणूस जाता जाता अत्तर घेई, अत्तर घेता घेता टोपी घेई, आणि परतताना मुलांसाठी मिठाई. या बाजारातील कोणतेही दुकान एकटे जगलेले नाही. ग्राहक एका दुकानासाठी येई आणि पाच दुकानांना देऊन जाई. हा हिशेब चालण्यावर उभा होता. चालणे थांबले की एकाच्या दारात आलेला ग्राहक शेजाऱ्याच्या दारात जात नाही, तो टॅक्सीत बसून निघून जातो.

याचा पुरावा आम्हाला दरवर्षी रमजानमध्ये मिळतो. मिनारा मशिदीच्या परिसरात तरावीहनंतर जी गर्दी उसळते, तिच्यात केवळ आमचेच लोक असतात असे नाही. दादर, बोरिवली, ठाण्याहून सर्व धर्मांची तरुण मुले-मुली येतात. गाडी आत शिरू शकत नाही, म्हणून दूर उतरून चालत येतात. धक्के खातात, तरी येतात. म्हणजे हा भाग आता कोणालाच नको आहे, हे म्हणणे खरे नव्हे. परंतु ही मंडळी खातात आणि जातात. मालपोव्याच्या कढईपासून पन्नास पावलांवर चिकनकारीचा कुर्ता, सुरेख अत्तरदाणी किंवा हाताने शिवलेली चामड्याची बॅग मिळते हे त्यांना कोणी दाखवले आहे काय? एक महिना गर्दी आणि अकरा महिने माश्या मारणे, हा कोणत्याही बाजाराचा धर्म होऊ शकत नाही.

आता फूटपाथकडे वळू. येथे आमच्या लेखणीला थोडे कडू व्हावे लागेल.

फूटपाथ अडला की आम्ही फेरीवाल्याकडे बोट दाखवतो. परंतु कोणत्याही सकाळी पायधुणीहून भेंडीबाजाराकडे चालत जाऊन पाहावे. फूटपाथवर पहिली पायरी दुकानाची असते. पायरीपुढे स्टँड, स्टँडवर लटकणारा माल, त्यापुढे पुतळे, त्यापुढे पुठ्ठ्याची खोकी. त्यानंतर जी दोन हात जागा उरते तेथे फेरीवाला बसतो, आणि अनेक ठिकाणी तो दुकानदाराच्या संमतीनेच बसतो. काही ठिकाणी त्या संमतीचे भाडेही असते, हे मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक आहे. मग रस्त्याच्या कडेला दुकानदाराची स्वतःची स्कूटर. सकाळी दहाला लावलेली स्कूटर रात्री दहाला निघते. जेथे ग्राहकाची टॅक्सी थांबली असती, ती जागा मालकाने स्वतःच दिवसभर अडवलेली असते! ग्राहक मग उतरतो रस्त्यात, हातगाडी आणि टेम्पो यांच्या मधोमध.

प्रत्येक दुकानदाराला वाटते की दोन फूट पुढे सरकल्याने आपला माल शेजाऱ्याआधी दिसेल. शेजारीही सरकतो. अखेरीस सर्वच दोन फूट पुढे आणि कोणाचाच माल दिसत नाही, कारण पाहायला थांबायला जागाच उरलेली नसते. हा तोटा वहीत कोठे लिहिला जात नाही, म्हणून तो जाणवत नाही.

फेरीवाल्यांना हुसकावून लावा, असे आम्ही म्हणत नाही. ती मुले बहुतेक आपलीच आहेत, कोणाचा भाचा, कोणाचा गावकरी. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांच्या रोजीला संरक्षण दिले आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. दुकानदारांच्या संघटनांनी या समितीशी भांडण्याऐवजी एकत्र बसून गल्लीनिहाय आखणी मागावी. फेरीवाला एका बाजूला, ठरलेल्या पट्ट्यात, आणि दुकानाचा माल उंबरठ्याच्या आत. दुकानदाराने स्वतः मागे सरकल्याशिवाय फेरीवाल्याला मागे सर म्हणण्याचा त्याला नैतिक अधिकार पोहोचत नाही.

२००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी हात चोळले होते. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल गाड्यांना आमच्या डोक्यावरून सरळ पलीकडे नेतो, आता ग्राहक येणार कोठून, असा सवाल होता. भीती अगदीच निराधार नव्हती. गाडीच्या काचेतून पाटी पाहून थांबणारा ग्राहक खरोखरच कमी झाला. परंतु पुलाने एक संधीही दिली होती. ज्यांना येथे थांबायचेच नव्हते अशा गाड्यांचा मोठा भार वर गेला, खालचा रस्ता बाजाराला मोकळा मिळू शकला असता. त्या रिकाम्या जागेचे आम्ही काय केले? पार्किंग आणि गोदाम.

दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी ठरली. तेथील अनेक व्यापाऱ्यांनी आधी विरोध केला होता, आणि नंतरही बंदी नीट पाळली जात नाही, देखभाल होत नाही, अशा तक्रारी त्यांनी केल्या. म्हणजे तेथे सर्व आलबेल आहे असे नाही. परंतु त्यांची नंतरची तक्रार नीट ऐकावी. ती रस्ता मोकळा केल्याबद्दल नाही, मोकळा ठेवला जात नाही याबद्दल आहे. मोहम्मद अली रोड हा वाहता रस्ता आहे, तेथे अशी बंदी शक्य नाही, हे आम्ही जाणतो. पण मिनारा मशिदीलगतच्या दोन-तीन गल्ल्या, शनिवारी आणि रविवारी, संध्याकाळी पाच ते अकरा? मालाची चढउतार सकाळी लवकर उरकली तर हे अशक्य नाही. महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे असा अर्ज व्यापाऱ्यांनी स्वतः घेऊन जाणे आणि पालिकेने तो लादणे, यात फार फरक आहे.

वेळेचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली आहे, फक्त कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे. शहरातील नोकरदार कुटुंब रविवारी बाहेर पडते, आणि आमच्या कित्येक गल्ल्यांत रविवारी कुलूप! शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवावे, रविवारी उघडावे, यात कोणाची हरकत असणार?

स्त्री ग्राहकांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. लग्नाची, ईदची, घराची खरेदी स्त्रिया करतात. पुरुष पैसे मोजतो आणि घड्याळ पाहतो. अशी स्त्री आमच्या बाजारात चार तास फिरते. पुरुषाला मशिदीच्या वुजूखान्याची सोय आहे. तिने काय करावे? मॉलकडे ती ओढली जाते ते गार हवेमुळे, असे आम्ही समजतो. तिला विचारून पाहावे, ती आधी स्वच्छ शौचालयाचे नाव घेईल आणि नंतर बसायच्या बाकाचे. एका गल्लीतील वीस-पंचवीस दुकानदारांनी मिळून एक गाळा यासाठी ठेवला, एक सफाई कामगार नेमला, तर दर दुकानामागे येणारा खर्च रोजच्या चहापाण्याहून फार मोठा नसेल.

बिलाची गोष्ट थोडक्यात सांगतो. बिल मागितले की आमच्या काही बंधूंचे तोंड वाकडे होते, आणि भिंतीवर पाटी असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीही तशीच. कायदा बाजूला ठेवला तरी, मोबाईलवरून मागवलेला कपडा घरबसल्या परत जातो हे आजच्या मुलीला ठाऊक आहे. ती पाटी तिला सांगते की येथे येऊ नकोस.

या बाजाराकडे मॉलजवळ नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे वरच्या माळ्यावर बसलेला कारागीर. जरीवाला, दर्जी, चामड्याचे काम करणारा. ग्राहकासमोर माप घेऊन दोन दिवसांत हवी तशी वस्तू करून देणे कोणत्या मॉलला जमते? परंतु हा कारागीर आज अदृश्य आहे, आणि त्याचे पैसे दुकानदाराकडे महिनोन्‌महिने अडकलेले असतात. दुकानदार म्हणतो ग्राहक नाही, कारागीर म्हणतो हिशेब नाही, आणि त्याचा मुलगा डिलिव्हरीची बॅग पाठीवर टाकून मोटारसायकलवर निघून जातो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. ही मुदत टळली तर, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, प्रत्यक्ष पैसे चुकते करेपर्यंत तो खर्च आयकरात वजा धरला जात नाही. कारागीर बंधूंनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती विनामूल्य आहे, दलालाला पैसे देऊ नयेत. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी ही शिकवण आम्ही वाझमध्ये ऐकतो. गल्ल्यापाशी बसल्यावर तिचा विसर का पडतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणि आता सर्वांत निकडीचा विषय. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली, ३३ जीव गेले. अशा इमारतींत राहणे आणि धंदा करणे धोक्याचे आहे, पुनर्विकास झालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींच्या जागी समूह विकासाची योजना २००९ पासून चालू आहे, त्यातील पहिले मनोरे उभे राहिले आहेत. तिच्यात बाराशेहून अधिक दुकानांचा प्रश्न आहे. त्याशिवाय एकेकट्या उपकरप्राप्त इमारतींचे करार गल्लोगल्ली चालू आहेत.

या करारांत पागडीचा दुकानदार एकच गोष्ट पाहतो, चौरस फूट किती? नियमाप्रमाणे जुन्या क्षेत्रफळाइतके क्षेत्रफळ त्याला मिळते. परंतु दुकानाची किंमत केवळ क्षेत्रफळात नसते. दहा फूट दर्शनी रुंदी आणि पंधरा फूट खोली असलेले दीडशे फुटांचे दुकान वेगळे, आणि सहा फूट दर्शनी व पंचवीस फूट खोल असलेले दीडशे फुटांचे दुकान वेगळे. तळमजल्यावर गल्लीकडे उघडणारे दुकान वेगळे, दुसऱ्या मजल्यावरील कॉरिडॉरमधले वेगळे. कागदावर सर्व सारखेच दिसतात. चालता ग्राहक जिना चढून अत्तर घ्यायला जात नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मजला, तोंड कोणत्या रस्त्याकडे, दर्शनी रुंदी किती, पायऱ्या किती, आणि बांधकाम चालू असताना तात्पुरते दुकान त्याच मोहल्ल्यात मिळणार की दूर कोठे, हे सर्व करारात लिहून घ्यावे आणि नकाशावर आपल्या गाळ्याची खूण करून घ्यावी. तोंडी आश्वासन देणारा माणूस उद्या त्या कचेरीत असेलच असे नाही. एकेकट्याने मागू नये, संपूर्ण गल्लीने एका वकिलामार्फत मागावे. कारण गल्ली तुटली आणि दुकाने मनोऱ्यांच्या पोटात विखुरली, तर वर सांगितलेली फूटपाथची, शौचालयाची, रविवारची चर्चा करायला बाजारच उरणार नाही.

९ ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी संपूर्ण धावू लागली. काळबादेवी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही तिची स्थानके या बाजारापासून चालण्याजोग्या अंतरावर आहेत. अंधेरीचा, मरोळचा, वांद्र्याचा ग्राहक प्रथमच वाहतुकीत न अडकता आमच्या दाराशी येऊन उभा राहू शकतो. तो जिन्याने वर येईल, मोबाईलवर रस्ता पाहील आणि चालू लागेल. येत्या रमजानपूर्वी एखाद्या एकाच गल्लीने, जुमाच्या नमाजनंतर तासभर एकत्र जमून, आपापला माल उंबरठ्याच्या आत घेण्याचा निर्णय करावा आणि तो तीन महिने पाळावा. गल्ला वाढला की घटला, ते त्यांनी आम्हाला कळवावे. निकाल आमच्याविरुद्ध गेला तरी आम्ही तो याच पानावर छापू.