नाकाने ठरणारे मद्यपान

कचरागाडीचा चालक अथवा अग्निशामक दलाचा जवान मद्यप्राशन करून कामावर आला, तर धोका केवळ त्याच्यापुरता राहत नाही. वसई-विरारसारख्या दाटीच्या महानगरपालिकेत तर नाहीच. राज्य शासनाच्या सेवकांसाठी असलेल्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनी कर्तव्यावर नशेत असण्यास मनाई केली आहे. परंतु नशा मोजावी कशी, हे त्यांत नाही. मग मुकादमाचे नाक हाच पुरावा ठरतो!

१९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सांगितले होते की, तोंडाचा वास, अडखळती चाल व असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मद्यपान निर्णायकपणे सिद्ध होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घातली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातील माप ५० मिलिग्रॅमचे. पालिकेने चालकांसाठी यांतील कठोर माप स्वीकारावे, श्वासचाचणीत दोषी दिसणाऱ्याची डॉक्टरांकडून रक्ततपासणी करवावी आणि अहवालाची प्रत त्याच्या हाती द्यावी. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो. तेवढ्यावरून कामावरील नशा सिद्ध होत नाही, हेही नियमात यावे.

ठेकेदाराच्या चालकांना वगळून हे सारे व्यर्थ आहे. व्यसनाधीन सेवकास बडतर्फीपूर्वी उपचाराची एक संधी मिळावी. तोवर त्याच्या हाती गाडी मात्र नको. आणि फाटकावर तपासणी होणारच असेल, तर साहेबांच्या मोटारीचा चालकही त्याच रांगेत उभा राहावा.