टीम, ट्रेक आणि चिलापी

तर मंडळी, दिवाळीनंतरच्या वीकएंडला आमच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमला घेऊन तोरणा-राजगड केला. कॅप्टन मी, त्यामुळे कल्पना माझी आणि वाटेतल्या शिव्याही माझ्याच :)

कारण साधं होतं. कॉर्पोरेट लीगमध्ये सलग पाच मॅच हरलो. पाचवीनंतर तर आमचा ओपनर आणि कीपर एका रनआऊटवरून पार्किंगमध्ये एकमेकांच्या अंगावर गेले. एचआरने सुचवलं, टीम बिल्डिंग करा. म्हणजे रिसॉर्ट, डीजे, आणि तो खेळ, ज्यात एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. (आमच्या टीमचं कॅचिंग बघता हे मी तिथल्या तिथे नाकारलं.)

टीमला रानात नेऊन 'घडवायची' आयडिया काही माझी नाही. २००३च्या रग्बी वर्ल्डकपआधी दक्षिण आफ्रिकेने आपल्या खेळाडूंना अशाच एका कॅम्पला नेलं. कपडे काढून गार पाण्यात उभं केलं, खड्ड्यात बसवलं. क्वार्टर फायनलला न्यूझीलंडकडून २९-९ मार खाऊन घरी आले, आणि कॅम्पचे फोटो बाहेर आल्यावर अब्रूही गेली. २००६मध्ये जॉन बुकाननने ऑस्ट्रेलियाची क्रिकेट टीम क्वीन्सलंडच्या जंगलात नेली. पाण्याचे कॅन उचला, गाड्या ढकला वगैरे. शेन वॉर्नला तो सगळा प्रकार अजिबात पटला नव्हता. त्यानंतरची अ‍ॅशेस ऑस्ट्रेलियाने ५-०ने जिंकली, पण त्यात २३ विकेट वॉर्नच्याच! आता श्रेय कॅम्पचं म्हणायचं की लेगस्पिनचं? २०१२ला दक्षिण आफ्रिकेची क्रिकेट टीम माइक हॉर्नबरोबर स्वित्झर्लंडच्या डोंगरांत गेली आणि नंतर इंग्लंडमध्ये २-०ने जिंकून कसोटीत नंबर एक झाली.

म्हणजे डोंगरात गेलं की टीम जिंकते, असलं काही गणित नाही. मला तरी वाटतं की मुद्दाम हाल करून कोणी कणखर होत नाही, फक्त चिडतो. पण चढ खरा असेल, ओझं खरं असेल, तर एक गोष्ट मात्र होते. कॅप्टनला आपली टीम दिसते. आणि टीमला कॅप्टन.

आमचंच बघा. तोरण्यावरून बुधला माचीच्या बाजूने उतरून राजगडाकडे जाणारी डोंगरसोंड पकडली. सुरुवातीच्या घसाऱ्यावर निम्मी टीम बसून उतरली. पुढे मी जोरात चालणाऱ्यांना घेऊन निघालो, कारण लीड फ्रॉम द फ्रंट वगैरे. दुपारी बाराला उघड्या सोंडेवर पाणी संपलं. जादाच्या सगळ्या बाटल्या कुणाच्या सॅकमध्ये? आमच्या बाराव्या खेळाडूच्या. मीच दिल्या होत्या, सवयीने. मॅचला पाणी तोच आणतो ना! आणि तो होता सगळ्यात मागे.

दीड तास आम्ही एका झुडपाच्या सावलीत गप्प बसून. शेवटी तिघं दिसले. कीपरचा पाय मुरगळलेला, त्याची सॅक ओपनरच्या पाठीवर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण सॅक होती! बारावा त्यांच्या मागे काठी टेकत. आल्या आल्या त्याने बाटल्या काढून वाटल्या. कुणालाही, मलासुद्धा, एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्र धनगरवाडीत काढली. दुसऱ्या दिवशी राजगड उतरून गावातल्या एका काकांना विचारून ओढ्याच्या डोहावर गळ टाकले. मासेमारीत हाच आमचा उस्ताद निघाला. बांबूच्या काठ्या, गळाला गांडूळ, सगळं त्याने लावून दिलं. मी दर दोन मिनिटांनी गळ वर काढून बघायचो.

"दादा, टाकलास ना, आता राहू दे. सावली पण पाण्यावर पाडू नकोस."

तासाभरात त्याला सात चिलाप्या, मला शून्य. गळाकडे बघतच तो म्हणाला, "दोन वर्षांत तीन मॅच खेळलोय. या सीझननंतर सोडणार होतो." तक्रारीचा सूर नव्हता. मी मात्र मोजलंच नव्हतं. हरलेल्या प्रत्येक मॅचचा स्कोअर मला पाठ आहे, हा आकडा माहीत नव्हता.

रिसॉर्टमध्ये तो हे बोलला असता का? मला नाही वाटत. तिथे डीजेच्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार! आणि हो, माणूस शेजारी बसून तासभर गप्प राहतो अशी दुसरी जागा तरी कुठे उरलीय?

परतल्यावर पुढची मॅच आम्ही हरलोच, नऊ रन्सनी. चमत्कार वगैरे काही नाही. ओपनर-कीपर अजूनही रनिंगवरून भांडतात, फक्त पार्किंगपर्यंत जात नाही. बदल एकच केलाय. बारावा खेळाडू आता ठरलेला नाही, पाळी लावलीय.

पहिली पाळी माझी होती. ड्रिंक्सचा ट्रे बॅटपेक्षा जड असतो, बरं का!

असो. तुमच्या टीममध्ये पाणी कोण आणतं? एकदा मोजून बघा.