सुनेचं सर्फिंग आणि आपले नियम



माझी सून दोन मैत्रिणींबरोबर सर्फिंग शिकायला कर्नाटकात मुल्कीला जाणार आहे, ही बातमी उपाश्रयात माझ्या आधी पोचली. सामायिक पारून कटासणं गुंडाळेपर्यंत तीन प्रश्न आले. मुलांना कोण बघणार, कपडे कसले घालणार, आणि अपकायाच्या विराधनेचं काय? पहिल्या दोघांचं उत्तर तिथेच दिलं. मुलांना त्यांचे पप्पा आणि मी बघू. कपडे लांब बाह्यांचे आणि घोट्यापर्यंत, कारण उन्हाने आणि बोर्ड घासून कातडी सोलवटते. तिसरा प्रश्न मात्र खरा आहे.

पाणी गाळून, उकळून पिणारी आपली घरं. मौजेसाठी पाण्यात उतरणं अनर्थदंडात येतं, असं साध्वीजी सांगतात, आणि ते मी खोडून काढणार नाही. पण मुलांच्या सुट्टीत वॉटर पार्कला गाड्या भरून जातात तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही. मुलगा मित्रांबरोबर गोव्याला गेला तर ती ट्रिप, सून म्हणाली तर विराधना! नियम असेल तर घरातल्या सगळ्यांना असू द्या. श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाण आहे, रोजच्या चौदा नियमांत वाहन, दिशा, स्नान यांची मर्यादा आहे. पण हे सगळं ज्याचं त्याने धारायचं असतं. सासूने सुनेच्या नावावर पच्चक्खाण घेतल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

मी घातलेली अट एकच, चातुर्मासात नाही. गंमत म्हणजे समुद्राचाही हिशोब तोच निघाला. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला लाटा मोठ्या आणि उलटसुलट येतात, त्या मुरलेल्यांसाठी. शिकाऊ माणसाला पाऊस सरल्यावरचे महिने बरे. कोळी लोकही जून-जुलैत होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रावर जातात. आपण कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा उघडायची वाट बघतो, तसंच हे.

काशीद जवळ असताना एवढं लांब कशाला, असं आमच्याकडेही विचारलं गेलं. काशीदला शनिवार-रविवारी ती गर्दी, त्यात घोडागाड्या आणि बनाना बोटी. शिकायला शांत पाणी आणि नजर ठेवणारा शिक्षक लागतो. मुरुडला 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, ते रायगडात कोण विसरेल? तो काही पावसाळा नव्हता. परत फिरणारं पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा किनाऱ्याकडे झगडत न येता आधी किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडायचं असतं. सर्फिंगच्या वर्गात हे शिकवतात, शिवाय बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो. हे ज्ञान आपल्या मुलांना सहलीआधी कुणी देत नाही, म्हणून मला तर हा खर्च शिक्षणाच्या खात्यात टाकावासा वाटतो. (बी.कॉम.ची सवय!)

मुल्कीला शांभवी नदी समुद्राला मिळते. तिथे 2004 साली मूळच्या अमेरिकन कृष्णभक्त स्वामींनी सर्फिंग क्लब काढला, देशातला पहिला म्हणतात. आश्रमच तो, जेवण शाकाहारी. वर उडुपीजवळ कोडी बेंगरेला मुंबईच्या इशिता मालवीयने 2007 मध्ये जोडीदाराबरोबर क्लब सुरू केला. भारतातली पहिली सर्फर मुलगी म्हणून तिचं नाव घेतात. सर्फिंग आता ऑलिंपिकमध्येही आहे, टोकियोपासून.

शाकाहारी म्हणजे आपलं नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. कांदा, लसूण, बटाटा नको हे फोनवर आधी सांगायचं, आणि सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल का तेही विचारायचं. खाकरे, मेथीचे थेपले, सुका नाश्ता बरोबर. लाटांचा वर्ग सकाळी लवकर असतो, त्यामुळे नवकारशी सांभाळता येते. उलट पोट भरून बोर्डावर पालथं झोपवतही नाही. उकळलेल्या पाण्यासाठी छोटी इलेक्ट्रिक किटली मी काढून ठेवली आहे.

आणि एवढं दूर जाऊन नुसता समुद्र बघून यायचं नाही. मुल्कीहून गाडीने मूडबिद्री नि कारकळ एका दिवसात होतात. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी 1430 ची, चंद्रप्रभ स्वामींची. कारकळचे बाहुबली 42 फूट, 1432 चे. पुढे वेणूरचे 35 फूट, 1604 चे. परंपरा दिगंबर आहे, आपण श्वेतांबर, पण एवढ्या उंच उभ्या बाहुबलींपुढे हात जोडताना मनात पंथ येईल असं मला वाटत नाही. सून म्हणाली, "मम्मी, हा दिवस तुमच्यासाठी ठेवते, तुम्ही पण चला." माझे गुडघे कारकळच्या पायऱ्यांना तयार नाहीत, फोटो चालतील.

प्रवास सोपा आहे. कोकण रेल्वे सुरूच होते आपल्या शेजारच्या रोह्याला आणि संपते ठोकूरला, मुल्कीच्या पुढे. गाडी पनवेलहून धरून उडुपीला उतरायचं ठरलं आहे. तारीख कार्तिकी पौर्णिमेनंतरची. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून कुणाच्या सुनेला किंवा लेकीला जायचं असेल तर पर्युषण आटोपताच मला कळवा. चौथा बर्थ अजून मोकळा आहे.