देवमाशाचें दर्शन आणि आपली दृष्टि

सुटी लागली कीं समुद्रकिनाऱ्यावर सहलीस जावें, आणि तेथें होडींत बसून डॉल्फिन किंवा जमल्यास देवमासा पाहून यावें, ही रीत अलीकडे आपल्या शाळेंतील पुष्कळ कुटुंबांत रूढ झाली आहे. दापोलीजवळील हर्णै-मुरूड, मालवणजवळील तारकर्ली, गोव्याचे किनारे, हीं नांवें सुटीनंतरच्या निबंधांत आम्हांस वारंवार वाचावयास मिळतात. ही रीत चांगली कीं वाईट असें कोणी विचारल्यास, ती चांगली आहे असेंच आम्ही म्हणूं. ज्या मुलानें असा प्राणी पाण्यावर येऊन श्वास घेतांना एकदां पाहिला, त्यास तो मासा नसून फुप्फुसांनीं श्वास घेणारा व पिलास दूध पाजणारा जीव आहे, हें पुस्तकांतून घोकावें लागत नाहीं. परंतु पाहण्याच्याहि कांहीं मर्यादा असतात, व त्यांविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

किनाऱ्याजवळ होडींतून बहुधा दिसतो तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. देवमासा क्वचितच दिसतो. आपल्या ठाणें-पालघरसमोरचा समुद्र फार दूरवर उथळ आहे. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद होत जातो, म्हणून सिंधुदुर्गाच्या बाजूस खोल पाण्यांतील हे प्राणी किनाऱ्याच्या अधिक जवळ येऊं शकतात. योनाच्या कथेंतील मोठा मासा बालपणापासून आपल्या परिचयाचा आहे. परंतु प्रत्यक्ष देवमासा आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल तो वाळूवर पडलेला. जून २०१५ मध्यें रेवदंड्यास निळा देवमासा किनाऱ्यास लागून मेला. जानेवारी २०१६ मध्यें जुहूच्या वाळूवर सुमारें ३५ फूट लांबीचा देवमासा मृत आढळला. २०२१ च्या सप्टेंबरांत वसईजवळ एक असाच आला. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्यास एक पिलूं वाळूंत रुतलें. गांवकऱ्यांनीं व सरकारी माणसांनीं त्याच्या अंगावर पाणी घालून घालून त्यास जगविण्याची शर्थ केली व पुन्हां समुद्रांत नेऊन सोडलें, पण शेवटीं तें वांचलें नाहीं. तेथें ज्यांनीं रात्र जागून काढिली त्यांस कोणी तिकीट दिलें नव्हतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

अरबी समुद्रांतील कुबड्या देवमाशांची गोष्ट तर फारच विचार करण्यासारखी आहे. त्यांचे इतर भाईबंद दरवर्षीं ध्रुवाकडील थंड पाण्यांत जातात. हे मात्र बारा महिने ह्याच समुद्रांत राहतात. १९६० नंतरच्या दशकांत सोव्हिएट जहाजांनीं अरबी समुद्रांत २४२ कुबडे देवमासे मारिले. त्या घावांतून ही जात अद्याप सांवरलेली नाहीं. ओमानच्या किनाऱ्यालगत आज त्यांची संख्या शंभराच्या आंत असावी, असा जाणत्यांचा अंदाज आहे. २०१७ सालीं ओमानांत ज्या मादीच्या पाठीवर खुणेचें यंत्र बसविलें होतें, ती 'लुबान' नांवाची मादी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली व तेथून कन्याकुमारीपर्यंत जाऊन परतली. म्हणजे हे पाहुणे आपल्या दारावरून जातात, आणि आपणांस त्याची वार्ताहि नसते. १९७९ सालीं हिंदी महासागर देवमाशांचें अभयारण्य म्हणून ठरविण्यांत आला, आणि १९७२ च्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंहि त्यांस उच्च प्रतीचें संरक्षण दिलें आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. डॉल्फिन दिसला कीं चार-पांच होड्या एकदम त्याच्यामागें सुटतात, यंत्रें भरधांव चालतात, आणि होडींतील मंडळी 'आणखी जवळ घ्या' म्हणून ओरडतात, असें वर्णन आमच्या विद्यार्थ्यांनींच मोठ्या उल्हासानें लिहिलेलें आहे. पाण्यांत ध्वनि हवेपेक्षां चौपटीहून अधिक वेगानें जातो. डॉल्फिन आवाजावरच भक्ष्य शोधतो, आवाजावरच पिलास जवळ राखतो. त्याच्या भोंवतीं यंत्रांचा गलका करणें म्हणजे त्याचे डोळे बांधण्यासारखेंच आहे. कायद्याच्या व्याख्येंत 'शिकार' ह्या शब्दांत केवळ मारणेंच नव्हे, तर प्राण्यास हांकीत नेणेंहि येतें. अनेक देशांत देवमाशापासून निदान १०० मीटर दूर राहावें असा नियम आहे, आणि आपल्या मनानें तो पाळावयास कोणाची आडकाठी नाहीं.

कोणी म्हणेल, 'होडीवाल्याच्या पोटावर पाय कां आणतां?' आक्षेप रास्त आहे. कोळी बांधवांचा धंदा अगोदरच मंदावलेला. पर्यटकांपासून त्यांस चार पैसे मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. परंतु तांडेल पाठलाग करितो तो स्वतःच्या हौसेनें नव्हे, आपल्या हट्टानें. प्राणी दिसो अथवा न दिसो, ठरलेलें भाडें आनंदानें देऊं, दूर थांबून यंत्र बंद करा, असें जर आपणच आरंभीं सांगितलें, तर त्याचें डिझेल वांचेल आणि डॉल्फिनाचा जीवहि. लाइफ जॅकेट घातल्यावांचून व मोजक्याहून अधिक माणसें घेतलेल्या होडींत पाऊल टाकूं नये, हेंहि त्याच वेळीं ठरवावें. मे २०२२ मध्यें तारकर्लीस होडी उलटून दोघे पर्यटक मरण पावले, हें विसरतां येत नाहीं. आणि कोळी हा प्राण्यांचा वैरी आहे असें समजूं नये. संरक्षित प्राणी जाळ्यांत सांपडल्यास जाळें कापून त्यास सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं काढिली, व अनेकांनीं खरोखरच जाळीं कापिलीं.

शेवटची गोष्ट घरची. तारकर्लीस जाण्यासाठीं आपण रात्रभर प्रवास करितों. परंतु कुंभवलीहून थोड्याच मैलांवर नवापूरचा किनारा आहे, तो आपण कधीं नीट न्याहाळतों काय? तारापूरच्या कारखान्यांचें सांडपाणी नळानें त्याच समुद्रांत जातें. त्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेनें राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ सालीं लवादानें कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी ठेविली. उत्तरेस वाढवण येथें मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली. जहाजांची वर्दळ वाढली कीं पाण्यांतील गोंगाटहि वाढणार. कारखाने व बंदरें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांवर आपल्यांतील कित्येक कुटुंबांचा संसार चालतो. परंतु सुटींत डॉल्फिनासाठीं टाळ्या पिटणाऱ्या माणसानें आपल्या गांवच्या पाण्याविषयीं मौन धरावें, हें आम्हांस विसंगत वाटतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या सुटींत होडींत अवश्य बसा. दूर थांबा, शांत राहा, जें दिसेल तें तारीख, वेळ व स्थळ घालून वहींत टिपा. परत आल्यावर तीच वही घेऊन एखाद्या सकाळीं नवापूरच्या वाळूवर जा, आणि तेथेंहि काय दिसतें तें तितक्याच प्रामाणिकपणें लिहा. अशा दहा-वीस वह्या आपल्या शाळेंत जमल्या, तर त्या आम्ही आनंदानें वाचूं, आणि ज्यांनीं त्या वाचावयास हव्यात त्यांच्याहि हातीं देऊं.