आठ टक्के माती



एका रविवारी आमच्या वस्तीत बिल्डरच्या माणसानं समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्ठं रंगीत चित्र टांगलं. आभाळाला भिडलेल्या दोन इमारती, खाली हिरवळ, कारंजं, रांगेत उभी नारळाची झाडं, झोपाळ्यावर गोरीगोमटी पोरं, कुत्रं घेऊन पळणारी एक बाई. आमच्या वस्तीत कुत्री रग्गड आहेत, पण ती बाई कुणाच्या ओळखीची निघाली नाही.

पुढं बसलेल्या एका आजीनं विचारलं, "बाबा, ह्यात माझी खिडकी कंची?"

माणूस म्हणाला, "आजी, तुमची बिल्डिंग मागच्या बाजूला आहे. ह्या चित्रात ती येत नाही."

लोक हसले. आजीही हसली. चहा फिरला, चहामागून संमतीपत्रांचा गठ्ठा फिरला, आणि सही-अंगठे सुरू झाले. त्या हसण्याची आम्हांला अजून लाज वाटते. हे संपादकीय त्या लाजेतून लिहिलंय. कवितांच्या आधी मीटर आणि टक्के आले म्हणून कुणी नाक मुरडू नये. कविता पुढच्या पानांवर आहेतच.

चित्र आणि साईट प्लॅन हे दोन वेगळे कागद आहेत. चित्र बिल्डर आपल्याला दाखवतो. साईट प्लॅन तो सरकारला दाखवतो. साईट प्लॅनवर मोजमाप असतं. कुठली इमारत कुठं, दोन इमारतींत अंतर किती, मोकळी जागा किती आणि ती मातीवर की स्लॅबवर, झाडं किती, गेट कुठं, भिंत कुठं, हे सगळं त्यावर असतं. ऊन कुणाला आणि सावली कुणाला, ते त्या कागदावर ठरतं. घर नंतर बांधलं जातं.

आपल्याला हे नवं नाही. गावगाड्यालाही साईट प्लॅन होता. कागदावर नव्हता, पण दगडावरच्या रेघेपेक्षा पक्का होता. देऊळ कुठं, पाटलाचा वाडा कुठं, पाणवठा कुणाचा, आणि गावावरून वाहून आलेला वारा नि पाणी शेवटी कुणाच्या दारात जाणार, सगळं ठरलेलं. महारवाडा कुठं असावा हे विचारायला गावात नवख्या माणसाला तोंड उघडावं लागत नव्हतं. जात पोटात शिरण्याआधी जमिनीवर आखली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत गावाची आरती ओवाळायला साफ नकार दिला, तो उगाच नाही. आपले बापजादे गाव सोडून शहरात आले ते नुसत्या भाकरीसाठी आले नव्हते. ती आखणी मोडायला आले होते.

शहरात काय झालं?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. इंग्रजाला आपली दया आली असं कुणी समजू नये. प्लेग झोपडीतून बंगल्यात येतो, ही त्याची भीती होती. ट्रस्टनं गरिबांची घरं आधी पाडली, बांधली त्यामानानं कमी. पण त्या काळात ट्रस्टनं एक नियम रूढ केला, साडेत्रेसष्ट अंशांचा. भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर रेघ ओढली, तर ती समोरच्या इमारतीत न अडकता आकाशात गेली पाहिजे. सरळ भाषेत सांगायचं तर समोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या दुपटीपेक्षा इमारत उंच नको. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतही उजेड येईल. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी संसार केला, वाचन केलं, ती चाळ ह्याच ट्रस्टची.

१९२० च्या दशकात बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. खोली १६० चौरस फुटांची. आम्ही गोदीत घाम गाळणारे, म्हणून आमच्या मापात सांगतो. वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद असतो. वीस गुणिले आठ करा, १६० होतात. गिरण्या, गोदी आणि झाडू ज्यांच्या हातांवर चालले, त्यांचा संसार एका कंटेनरमध्ये भरला होता. पण चाळीच्या बाहेर माती होती. दोन चाळींमध्ये पोरं क्रिकेट खेळायची, जयंतीचा मांडव पडायचा, कलापथक उभं राहायचं, आणि मयताला चार माणसं बसायला जागा मिळायची.

आता आजचा हिशोब घ्या. झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ नंतर घर २२५ चौरस फुटांचं मिळायचं, मग २६९ झालं, २०१८ मध्ये ३०० झालं. वाढलं, नाकारत नाही. लोक लढले म्हणून वाढलं. तरी चाळीस फुटी कंटेनर ३२० चौरस फुटांचा असतो, हेही लक्षात ठेवा. पण घर आतून वाढत असताना बाहेरून काय कापलं गेलं, ते कुणी बघितलं?

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडावर घरं बांधताना करमणुकीसाठी मोकळी जागा सोडावी लागते. बिल्डरलोक तिला आरजी म्हणतात. १,००० चौरस मीटरच्या वर १५ टक्के, २,५०० च्या वर २० टक्के, १०,००० च्या वर २५ टक्के. हा सगळ्यांचा नियम. झोपडपट्टी योजनेचं कलम आलं की हाच आकडा घसरतो. प्रकल्प परवडावा म्हणून मोकळी जागा कमी करता येते, निदान ८ टक्के ठेवली की झालं. इमारतींमधलं सामासिक अंतरही कमी करायची सवलत असते. शहर एक, नियमाचं पुस्तक एक, आणि फुप्फुसं दोन जातींची. पंचवीसवाली आणि आठवाली.

गणित करू. १२,००० चौरस मीटरचा भूखंड धरा. पंचवीस टक्क्यांनी ३,००० चौरस मीटर मोकळे राहतात. आठ टक्क्यांनी ९६०. पुनर्वसनात दर हेक्टरी निदान ६५० घरं बसवायची अट आहे. त्या हिशोबानं इथं ७८० घरं, घरात पाच माणसं, म्हणजे ३,९०० माणसं. ९६० मीटर त्यांच्यात वाटा. माणशी पाव चौरस मीटर येतं. जेवायला बसायच्या पाटाएवढं. त्या पाटावर पोरगं खेळणार, म्हातारा ऊन खाणार, बाई वाळवण घालणार. नियमात असंही आहे की करमणुकीच्या जागेत दर १०० चौरस मीटरला पाच झाडं लावावीत. म्हणजे ९६० मीटरला अठ्ठेचाळीस झाडं. सापडली तर कळवा, पुढच्या अंकात फोटो छापू.

ह्या कापाकापीची किंमत कोण मोजतं? मानखुर्द-गोवंडीकडच्या तीन वसाहती घ्या. लल्लुभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड, पीएमजीपी. रस्ते, रेल्वे आणि विकासाच्या नावाखाली उठवलेली माणसं तिथं भरली आहेत. नटवर पारेखला तळ अधिक सात मजले, आणि दोन इमारतींत अंतर जेमतेम ३ मीटर. तेवीस-चोवीस मीटर उंचीच्या इमारतीला इंग्रजाच्या जुन्या नियमानं बारा मीटरच्या आसपास अंतर लागलं असतं. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटीच्या माणसांनी ह्या वसाहतींचा अभ्यास पुढं आणला. जिथं ऊन नाही, वारा नाही, तिथं क्षय जास्त. खालच्या मजल्यांवर जास्त. टीबीचे जंतू जात विचारत नाहीत, पण त्यांना अंधार लागतो, आणि तो अंधार कुणीतरी नकाशावर आखून, शिक्का मारून दिलेला असतो. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या फुकट आहेत. ऊन फुकट होतं, तेच विकलं.

बरं, मोकळी जागा ठेवली तरी ती कुठं ठेवतात? बिल्डर म्हणतो, खाली गाड्या लावू, वर पोडियमच्या स्लॅबवर बाग करू. १७ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं कोहिनूर प्रकरणात सांगितलं की आरजी जमिनीवरच पाहिजे, पोडियमवर चालणार नाही. मग २०१८ मध्ये नवी नियमावली लागू झाली, आणि तिच्यात वाट काढली गेली. निदान ६० टक्के जमिनीवर, त्यातली निम्मी उघड्या मातीवर, आणि उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल. साहेबांच्या भाषेत उघड्या मातीला 'मदर अर्थ' म्हणतात. आईचे किती टक्के ठेवायचे, हे पण ठरवून टाकलं साल्यांनी. आणि पोडियमवरच्या बागेचा जिना बहुतेक वेळा कुठून निघतो, ते वेगळं सांगायला नको. सेलच्या इमारतीतून. मध्ये भिंत, भिंतीला दार, दारात वॉचमन. वॉचमन बहुधा आपलाच पोरगा असतो, आणि आपल्याच पोरांना हाकलायचा त्याला पगार मिळतो. गावकुसाबाहेर म्हणतात ते हेच, फक्त भिंतीला टाईल्स लावल्या आहेत.

आता एक अवघड गोष्ट. शहरातली झाडांवर प्रेम करणारी काही माणसं कोर्टात म्हणाली की बागांसाठी राखलेल्या भूखंडांवर झोपडपट्टी योजना नको. जून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो नियम वैध ठरवला. अशा ५०० चौरस मीटरवरच्या भूखंडावर योजना होईल, पण ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी लागेल. आपल्यातले काहीजण खूश झाले, की झाडवाले हरले. आम्ही खूश नाही. झाडवाल्यांना आपण अतिक्रमण वाटतो, हे खरं. पण झाड आपला शत्रू नाही. घर पाहिजे की झाड, असा सवाल बिल्डरला सोयीचा आहे. त्याच्या सेलच्या इमारतीला घर, बाग आणि झाड तिन्ही मिळतं, आणि भांडण मात्र आपल्यात नि बागवाल्यांत लागतं. आपण दोन्ही मागायचं. पस्तीस टक्के मोकळे राहणार असतील, तर ते कागदावर आहेत की जमिनीवर, हे बघायला आपण जायचं. ती माती आपल्या पोरांचीही आहे.

मोकळ्या जागेचा संबंध नुसता हवेशी नाही. ५ जानेवारी १९७४ ची पँथरची सभा आठवा. वरळीच्या बीडीडी चाळींतलं आंबेडकर मैदान. दलितांनी पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली, आणि दगड पडायला सुरुवात झाली. पाच दिवसांनी, १० जानेवारीला, परळच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. ती सभा चाळींच्या मधल्या मातीवर भरली होती, कारण ती माती सगळ्यांची होती. तिथं उभं राहायला सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी लागत नव्हती. लॉनवर सभा भरत नाही. लॉनवर पाटी असते, 'हिरवळीवर चालू नये'. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५०० ही शंभर वर्षांच्या माणसांची कमाई आहे, तिचा आनंद आम्हीही करतो. पण चाव्या हातात घेताना विचारायचं, की मैदान कुठं आहे, केवढं आहे आणि त्याची चावी कुणाकडं आहे.

आता आपल्यांबद्दल. कमिटीत बसलेले आपलेच काही जयभीमवाले पाकीट खिशात घालून रंगीत चित्राला टाळ्या पिटतात. त्यांना बिल्डर आधी भेटतो, मग वस्ती भेटते. पूर्वी योजनेला ७० टक्के संमती लागायची, ती ५१ वर आणली. म्हणजे विकायला आता कमी माणसं लागतात. हे लिहिल्यावर काही घरांत आम्हांला चहा मिळणार नाही. चालेल.

पोरांनो, पोरींनो, तुमच्यातले कितीतरी दहावी-बारावी शिकलात, काही कॉलेजात आहात. फुटपट्टी वापरायला आर्किटेक्ट व्हावं लागत नाही. प्रत्येक वस्तीत पाचजणांनी एकत्र बसा. फ्लेक्स बाजूला ठेवा, मोजमापाचा साईट प्लॅन मागा. देत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. प्लॅन आला की आधी आपली इमारत शोधा. ती आणि समोरची, दोघींतलं अंतर मोजा, उंची बघा, दोन्ही आकडे शेजारी लिहा. आरजी कुठं आहे ते हुडका. मातीवर की स्लॅबवर, वाट कुठून, भिंत आहे का, आणि सोसायटीच्या ताब्यात येणार की बिल्डरकडं राहणार? झाडं मोजा. बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस कुठल्या कोपऱ्यात ढकललंय ते बघा. वाचनालय आणि सभेची जागा मागा. हे सगळं मोठ्या कागदावर मराठीत लिहून समाजमंदिराच्या भिंतीवर लावा, त्या रंगीत चित्राच्या शेजारीच. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाचून दाखवा. सही त्यानंतर.

आमच्या वस्तीत त्या रविवारी आजीनं अंगठा दिला नाही. कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "खिडकी दाखव, मग बघू." अजून कुणी तिला खिडकी दाखवलेली नाही. तिच्यामागं आता सव्वीस घरं थांबली आहेत.

जय भीम.