बहुमताने खांब उभा राहत नाही

कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जाऊन बसा. एरवी पार्किंगवरून भांडणारे सभासद दुरुस्तीच्या खर्चाचा विषय आला की एकदम एक होतात. ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ हा ठराव बिनविरोध मंजूर होतो. एकोप्याचे असे दर्शन एरवी दुर्मीळच! अडचण एवढीच की, सिमेंट आणि लोखंड यांना ठरावाची भाषा कळत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकले. मायामीजवळच्या सर्फसाइड येथे १९८१ साली बांधलेली एक बारा मजली इमारत २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर अर्धीअधिक कोसळली. ९८ माणसे झोपेतच गाडली गेली. पोहण्याच्या तलावालगतच्या स्लॅबची मोठी हानी झाली आहे, असे एका अभियंत्याने २०१८ मध्येच लेखी कळवले होते. सुमारे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी मंजूर व्हायला मात्र २०२१ चा एप्रिल उजाडला. मूळ आराखड्यातच उणिवा होत्या, असेही सरकारी तपासात दिसले. तेव्हा सारा दोष रहिवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण हातात असलेली तीन वर्षे गेली, हेही खरेच.

तेथे अशा इमारतींना ‘काँडोमिनियम’ म्हणतात. सदनिका ज्याची त्याची. पाया, छप्पर, जिने सर्वांचे. कारभार मालकांच्या संघटनेचा. या संघटनांचे कायदे प्रत्येक राज्य स्वतः करते. दुरुस्तीसाठी राखीव निधी ठेवा, असे फ्लोरिडाचा कायदा सांगत होता आणि त्याच दमात, बहुमत असेल तर नका ठेवू, असेही म्हणत होता! अशी पळवाट समोर असताना कोण खिशात हात घालील?

२०२२ साली कायदा बदलला. तीन वा अधिक मजल्यांच्या इमारतीची तिसाव्या वर्षी आणि पुढे दर दहा वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. इमारतीच्या सांगाड्यासाठीचा निधी माफ करण्याची मुभा २०२४ अखेर संपली. मग वर्षानुवर्षे साचलेली थकबाकी एकदम अंगावर आली. पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना घर राखावे की विकावे, हा प्रश्न पडला. अखेर २०२५ मध्ये कर्ज काढून निधी उभारण्याची आणि तपासणीनंतर काही काळ भरणा थांबवण्याची सवलत द्यावी लागली.

या वृद्धांचे दुःख खोटे नाही. पण त्यांच्यावर हा भार कायद्याच्या कडकपणामुळे आला नाही; आधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या ढिलाईमुळे आला. दरमहा थोडे थोडे घेतले असते तर कोणाला जाणवलेही नसते. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून सक्तीने पैसे घेणे अवघड असते. म्हणून ते काम कायद्यानेच करावे. सवलत हप्त्यांत द्यावी, निधीत नव्हे.

आपल्याकडे कागद चोख आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी जमा व्हायला हवी. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. पण मेंटेनन्स वाढवला म्हणून सेक्रेटरीला जिन्यात गाठून जाब विचारणारे आपण, ऑडिट का झाले नाही म्हणून कधी विचारतो?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायची असते. यंदा जाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा : फंडात किती शिल्लक आहे, आणि शेवटचे ऑडिट कधी झाले? उत्तर मिळेपर्यंत चहा-बिस्किटांना हात लावू नका!