शिष्टाचाराचे व्याकरण

सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेनजीक सुवाळीच्या बंदरात उतरला, तेव्हा पहिली कुरबुर व्यापारावरून झाली नाही. कोणी उठून उभे राहावयाचे, यावरून झाली. सुरतेचे मोगल अंमलदार तंबूत गालिच्यांवर बसले होते. ते उठेपर्यंत आपण पुढे येणार नाही, असा निरोप रोने धाडला. ते उठले, तेव्हाच वकीलसाहेब पुढे सरकले. शब्दांचा तर्जुमा करणारे दुभाषे मिळत. बसण्या-उठण्याचा तर्जुमा कोणी करावा?

चार शतकांनंतर हा प्रश्न सुरतेतील शाळांसमोर उभा आहे. तेथील महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतूनही चालतात. खानदेशातून उधना-लिंबायत भागात येऊन कापडाच्या धंद्यात राबणाऱ्यांची मुले तेथील मराठी शाळांत शिकतात. या मुलांना इंग्रजी यावे, याविषयी दुमत नाही. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. गुजरातने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. इंग्रजीची वर्षे वाढली. पण त्या वर्षांत शिकवावयाचे काय, याचा विचार वाढला आहे काय?

आपण शब्द, अर्थ आणि व्याकरण शिकवितो. कोणाशी, केव्हा, कोणत्या रीतीने बोलावे, हे मात्र शिकवीत नाही. मराठीत ‘पाणी द्या’ म्हणण्यात उद्धटपणा नाही, कारण आदर ‘द्या’ या क्रियापदातच आहे. इंग्रजी क्रियापदात आदराला अशी जागा नाही. म्हणून इंग्रज ‘कुड यू’ असा आडवळणाचा प्रश्न करतो. मराठी मुलाने शब्दशः ‘गिव्ह मी वॉटर’ म्हटले, तर व्याकरणात चूक नाही. पण ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. परीक्षक जे वाक्य बिनचूक मानील, त्याच वाक्यावर मुलाखतीत नोकरी जाऊ शकते. आपले ‘कुठे निघालात?’ हे नुसते अगत्य. परक्याला ती चौकशी वाटते.

ही कल्पनेतील भीती नव्हे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया वाढण्याचे काम करीत. त्यांच्याविषयी तुसडेपणाची तक्रार होती. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात तिचे मूळ दाखविले. ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द इंग्रज स्त्रिया स्वर चढवून विचारीत. या स्त्रिया स्वर उतरवून उच्चारीत. पहिल्यात विचारणा ऐकू येई, दुसऱ्यात ‘घ्यायची तर घ्या’. दोघींची ध्वनिमुद्रणे ऐकविल्यावर गैरसमज निवळू लागले. मने कलुषित नव्हती; स्वराचा अर्थ कोणी सांगितला नव्हता.

यावर इंग्रजी माध्यम हा उपाय आहे, असे पालकांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. मातृभाषेतील ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील पायऱ्या ज्याला ठाऊक आहेत, त्याला परभाषेतील पायऱ्या समजावून देणे सोपे असते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला. त्याची मुंबईची वखार तेव्हा सुरतेच्या अधीन होती. गर्दीत इंग्रजांनी दुरून मुजरा केला, तेव्हा दुभाषी नारायण शेणवी यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांची नजर गेली आणि इंग्रजांना जवळ बोलावणे आले. दरबाराची रीत आणि इंग्रजांची निकड हा दुभाषी दोन्ही जाणत होता.

अशी जाण शाळेत देता येते. विनंती, नकार, तक्रार आणि क्षमायाचना यांची मराठी रीत आणि इंग्रजी रीत शिक्षकाने फळ्यावर शेजारीशेजारी मांडावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय यावा आणि तोंडी परीक्षेला खरे गुण असावेत. यास मोठा खर्च नाही. इंग्रजांची नक्कल करणारी मुले आम्हांस नकोत; पण ज्याला नम्रपणे बोलावयाचे होते, तो केवळ न शिकविल्यामुळे उद्धट ठरावा, हा त्या मुलावर अन्याय आहे. तो दूर करणे शाळेचे कर्तव्य आहे.